गोयानियाचे सोळा दिवस

१३ सप्टेंबर १९८७ रोजी ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोन माणसांनी एका ओस पडलेल्या इमारतीतून एका जुन्या यंत्राचा जड भाग काढून नेला. त्या जागेत पूर्वी कर्करोगावर किरणोपचार करणारी खाजगी संस्था होती. संस्थेनं जागा सोडली आणि यंत्र तिथेच राहिलं. त्याच्या पोटात शिसं आणि पोलाद यांच्या आड सुमारे ९३ ग्रॅम सीझियम क्लोराइड होतं. त्यातल्या सीझियम-१३७ ची तीव्रता १,३७५ क्युरी होती, म्हणजे रोजच्या व्यवहारात कुणाच्याही हाती पडू नये इतकी. माल भंगाराच्या दुकानात विकला गेला, आतली डबी फुटली आणि अंधारात निळसर चमकणारी पूड बाहेर आली. दुकानमालकानं ती नवलाची वस्तू म्हणून घरी नेली. नातेवाईक आणि शेजारी ती बघायला आले, कुणी चिमूटभर घरी नेली, कुणी अंगाला लावून पाहिली. सहा वर्षांची एक मुलगी त्याच पुडीनं माखलेल्या हातांनी जेवली. घरातली माणसं एकामागून एक उलट्या-जुलाबांनी आजारी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांना आधी उष्ण कटिबंधातल्या रोगांची शंका आली. अखेर दुकानमालकाच्या बायकोला या वस्तूचाच संशय आला. २८ सप्टेंबरला ती अवशेष पिशवीत घालून बसनं आरोग्य कार्यालयात घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी एका भौतिकतज्ज्ञानं मापकयंत्र लावून हे काय आहे ते सांगितलं. तोवर सोळा दिवस गेले होते. त्या सोळा दिवसांत सीझियम शरीराबाहेर काढण्याचं औषध जगाला ठाऊक नव्हतं, असं नाही. ते ठाऊक होऊन वीस वर्षं झाली होती. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ते कुणाला द्यायचं. शरीरात शिरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यावरच्या उपचारांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. औषधं साधी आणि बहुतेक वेळा स्वस्त होती. माणसांचं नुकसान झालं ते उशिरा कळण्यामुळे, आणि त्याहून जास्त, कळूनही न सांगण्यामुळे.

हा दावा पटायचा तर आधी हे प्रदूषण शरीरात कसं वागतं ते नीट पाहायला हवं. किरणोत्सर्गी वस्तू शरीराबाहेर असते तोवर तीन उपाय असतात : तिच्यापासून लांब जाणं, मध्ये भिंत घेणं आणि तिच्याजवळ कमी वेळ थांबणं. अंगावर किंवा कपड्यांवर धूळ बसली असेल तर कपडे उतरवून, आंघोळ करून ती बरीचशी निघून जाते. तीच धूळ श्वासातून, अन्नातून किंवा जखमेतून आत गेली की हे तिन्ही उपाय संपतात. मग प्रत्येक मूलद्रव्य शरीरातल्या आपल्या नातेवाइकाच्या वाटेनं जातं. सीझियम पोटॅशियमच्या वाटेनं स्नायूंत पसरतं, रेडियम आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वाटेनं हाडांत जाऊन बसतात, आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं आणि ट्रिटियम पाण्यात मिसळून सगळीकडे फिरतं. कोणतंही औषध किरणोत्सर्ग विझवू शकत नाही. डॉक्टरांच्या हाती एवढंच असतं की द्रव्याला आत जागा मिळू न देणं, आत शिरलेलं द्रव्य बांधून बाहेर काढणं किंवा भरपूर पाण्यानं ते वाहून नेणं. म्हणजे उपचार ठरवण्यासाठी कोणतं द्रव्य, किती आणि कधी आत गेलं, हे आधी कळावं लागतं. ही माहिती नसेल तर कपाटातलं औषध कपाटातच राहतं.

माहितीच नाकारली गेली की काय होतं, याचं पहिलं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडियमचा रंग भरत. ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलं जाई. दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई आणि हाडांत साठे. जबड्याची हाडं कुजू लागली तेव्हा कंपनीनं रोगाचं कारण दुसरीकडेच शोधलं. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरानं अशा रुग्णांच्या उच्छ्वासात रेडॉन वायू मोजला. शरीरातल्या रेडियमचा तो जिवंत पुरावा होता. हाडांतलं रेडियम ओढून काढण्याचे प्रयत्न पुढे झाले, पण एकदा हाडात रुतलेलं रेडियम औषधांना फारसं दाद देत नाही. त्या मुलींच्या दुःखातून निघालेली एक टिकाऊ गोष्ट म्हणजे १९४१ चं मानक : माणसाच्या शरीरात ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त रेडियम असू नये. अणुबाँबच्या प्रकल्पात हजारो माणसं प्लुटोनियमपाशी काम करू लागली, तेव्हा आधारासाठी तेवढंच मानक हाताशी होतं.

आता पुन्हा सीझियमकडे येऊ. प्रशियन ब्लू हा निळा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि चित्रकारांनी, रंगाऱ्यांनी तो जगभर नेला. १९६० च्या दशकात त्याचा दुसरा गुण कळला. सीझियम यकृतातून पित्तासोबत आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं. ही फेरी सतत चालू असते, म्हणून प्रौढ माणसाच्या शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला सुमारे ११० दिवस लागतात. न विरघळणारा प्रशियन ब्लू आतड्यात असला, तर सीझियम त्याच्या स्फटिकांत अडकतं आणि शौचावाटे निघून जातं. १९६६ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी कुत्र्यांवर आणि माणसांवर केलेल्या प्रयोगातून हे दाखवून दिलं. गोयानियात ४६ जणांना हे औषध दिलं गेलं, काहींना दिवसाला १० ग्रॅमपर्यंत. बद्धकोष्ठता सोडली तर मोठा त्रास झाला नाही. प्रौढांच्या शरीरातलं सीझियम निम्मं व्हायला लागणारा काळ सरासरी ६९ टक्क्यांनी घटला, किशोरांत ४६ आणि लहान मुलांत ४३ टक्क्यांनी. पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं प्रशियन ब्लूला मान्यता दिली, तेव्हा मुख्य आधार गोयानियातल्या याच रुग्णांच्या नोंदींचा होता. या नोंदी मिळवणंही सोपं नव्हतं. रुग्णांच्या अंगात इतकं सीझियम होतं की नेहमीची संपूर्ण शरीर मापणारी यंत्रं चालली नसती, म्हणून तिथेच वेगळी मांडणी उभारावी लागली. मल आणि मूत्राचे हजारो नमुने तपासले गेले. हे काम कुणाच्या आठवणीत राहणारं नाही, पण औषध कुणाला किती द्यायचं आणि कधी थांबवायचं हे त्याच्यामुळेच ठरलं.

यावर रास्त आक्षेप येऊ शकतो. सोळा दिवस उशीर होऊनही औषधानं इतकं काम केलं, मग उशीर हाच मुख्य दोष कसा? उत्तर त्याच नोंदींत आहे. सीझियम रक्तात आणि आतड्यात फिरत राहतं, म्हणून उशिरा आलेल्या औषधालाही ते सापडतं. पण औषध पुढची मात्रा कमी करतं, मागची परत घेऊ शकत नाही. चार जण वाचले नाहीत : २३ ऑक्टोबरला ती सहा वर्षांची मुलगी आणि दुकानमालकाची बायको, आणि पाठोपाठ दुकानात काम करणारे दोन तरुण. बाहेरून आणि आतून आलेल्या किरणांनी त्यांची अस्थिमज्जा आधीच उद्ध्वस्त केली होती. पिशवी घेऊन आरोग्य कार्यालयात गेलेल्या त्या बाईनं शेकडो लोकांना पुढच्या धोक्यातून वाचवलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्वतः मात्र वाचू शकली नाही. आणि सीझियमचा हा उदारपणा सगळ्याच द्रव्यांकडे नसतो.

आयोडीन-१३१ अजिबात उदार नाही. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे आणि थायरॉइड ग्रंथी ते काही तासांत ओढून घेते. इथला उपाय सर्वांत साधा : पोटॅशियम आयोडाइडची गोळी किंवा द्रावण. एस.टी.ची सगळी आसनं आधीच भरलेली असतील तर मागून आलेल्याला बसायला मिळत नाही, तसं साध्या आयोडीननं ग्रंथी भरली की किरणोत्सर्गी आयोडीन लघवीवाटे निघून जातं. पण हे औषध धोक्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या मोजक्या तासांतच उपयोगी. दिवस उलटला की त्याचा फायदा जवळपास संपतो. १० ऑक्टोबर १९५७ रोजी इंग्लंडमधल्या विंडस्केल अणुभट्टीला आग लागल्याचं आढळलं, तेव्हा दोन दिवसांत दुधावर बंदी आली आणि ती वाढत सुमारे ५०० चौरस किलोमीटरपर्यंत गेली. गाय गवत खाते, आयोडीन दुधात उतरतं आणि दूध लहान मुलं पितात. ही साखळी दूध ओतून देऊन तोडली गेली. आगीची बरीच माहिती सरकारनं दडवली, पण दुधाबाबत तरी वेळेत सांगितलं. चेर्नोबिलमध्ये तेवढंही झालं नाही.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राची चौथी भट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यातमध्ये आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि २७ तारखेला दुपारी शहर रिकामं झालं. पण आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना कुणी सांगितलं नाही की दूध पिऊ नका. मॉस्कोनं २८ तारखेच्या रात्री तोंड उघडलं, तेही स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडल्यावर. त्या खेड्यांतल्या आहारात मुळातच आयोडीन कमी, त्यामुळे मुलांच्या ग्रंथींनी विषारी आयोडीन अधिकच हावरेपणानं घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या मोजणीनुसार, बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी मुलं किंवा किशोर असलेल्यांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉइडचा कर्करोग झाला. त्यातला मोठा वाटा दूषित दुधाचा. याच दिवसांत शेजारच्या पोलंडला मॉस्कोनं काही कळवलं नव्हतं. मिकोवायकी इथल्या मापन केंद्रात २८ एप्रिलला हवेतला किरणोत्सर्ग चढलेला दिसला, दुसऱ्या दिवशी सरकारी आयोग बसला आणि त्याच संध्याकाळपासून वाटप सुरू झालं. औषध दुकानांनी आयोडाइडचं द्रावण बनवलं, शाळा आणि दवाखान्यांतून ते दिलं. काही दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना आणि ७० लाख प्रौढांना ते मिळालं. चरणाऱ्या गायींचं ताजं दूध बंद करून मुलांना दुधाची भुकटी दिली गेली. तेही साम्यवादी राज्यच होतं, तिथेही वृत्तपत्रांवर पहारा होता. म्हणून हा फरक केवळ राज्यपद्धतीचा होता असं म्हणता येत नाही. फरक होता तो मापकाचा आकडा दिसल्यावर चोवीस तासांत निर्णय घेणाऱ्या माणसांचा.

पोलंडच्या या मोहिमेवर टीका झाली, आणि ती डावलण्यासारखी नाही. नंतरच्या गणितात पोलंडमधल्या बहुतेक भागांची मात्रा कमी निघाली. मग इतक्या लोकांना आयोडीन पाजायची गरज होती का? त्याचे दुष्परिणाम होतातच, उलट्या होतात, पुरळ उठतं. पण नोंदी पाहा. नवजात बाळांपैकी ०.३७ टक्क्यांच्या थायरॉइडमध्ये तात्पुरता बदल दिसला आणि तो पुढे नाहीसा झाला. श्वासाचा गंभीर त्रास दोन प्रौढांना झाला आणि दोघांनाही आयोडीनची ॲलर्जी असल्याचं आधीपासून माहीत होतं. मात्रा कमी ठरेल हे २९ एप्रिलला कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण स्फोट किती मोठा आहे हेच दडवलेलं होतं. माहिती दडवली गेली तेव्हा जास्त सावधगिरी बाळगण्याचा खर्च पोलंडनं स्वीकारला. तो खर्च दोन रुग्ण आणि काही अस्वस्थ मुलं एवढा झाला. सीमेच्या पलीकडे न सांगण्याचा खर्च किती झाला, ते वर लिहिलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि प्रशासनातली माणसं तो मनापासून मांडतात : सगळं सांगितलं तर लोक घाबरतात, आणि घबराट किरणोत्सर्गाइतकंच नुकसान करते. गोयानियात हे खरोखर घडलं. बातमी फुटल्यावर ऑलिम्पिक स्टेडियममध्ये १ लाख १२ हजारांहून अधिक लोक तपासणीला आले. त्यांत दूषित सापडले २४९, आणि त्यांपैकी द्रव्य शरीराच्या आतही गेलेले १२९. बाकीच्यांना काही झालेलं नव्हतं, तरी देशभर गोयानियाच्या माणसांना हॉटेलात खोली नाकारली गेली आणि तिथला माल कुणी घेईना. त्या लहान मुलीची अंत्ययात्रा शिसं लावलेल्या पेटीतून निघाली, तेव्हा दफनभूमीवर लोकांनी दगड फेकले. ही लाज कुणी विसरू नये. पण या भीतीचं मूळ कुठे होतं? सोळा दिवस शहराच्या अंगणांत विष फिरत होतं आणि कुणी सांगितलं नव्हतं, हे लोकांना एकदम कळलं होतं. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यापैकी हजारो जणांनी ‘दूषित नाही’ असं प्रमाणपत्र मागून घेतलं. भीती कमी झाली ती मोजणीमुळे, गप्प बसल्यानं नाही. अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्राची गोष्टही हेच सांगते. १९७६ मध्ये तिथे एका रासायनिक स्फोटात ६४ वर्षांच्या कामगाराच्या अंगात प्रचंड प्रमाणात अमेरिशियम शिरलं. काही तासांतच त्याला डीटीपीए हे धातूंना बांधून लघवीवाटे काढणारं औषध दिलं गेलं आणि पुढची काही वर्षं चालू ठेवलं गेलं. तो अकरा वर्षं जगला आणि हृदयविकारानं गेला. घरी परतल्यावर सुरुवातीला मित्रही त्याच्याजवळ यायला बिचकत. पण त्याच्यापासून कुणाला धोका नाही, हे मोजून आणि उघडपणे सांगितल्यावर त्याला पुन्हा माणसांत जागा मिळाली.

फुकुशिमाच्या अणुअपघातानं दाखवून दिलं की चेर्नोबिलनंतर पंचवीस वर्षांनी, सगळी यंत्रसामग्री असलेल्या देशातही हा धडा सहज हातून निसटतो. मार्च २०११ मध्ये किरणोत्सर्गाच्या ढगाचा मार्ग वर्तवणारी जपानची संगणकप्रणाली चालू होती, पण तिची माहिती लोकांच्या स्थलांतरासाठी वेळेत वापरली गेली नाही. आयोडीनच्या गोळ्यांचे साठे होते, वाटपाचा आदेश मात्र योग्य वेळी पोचला नाही. मिहारू या लहान शहराच्या अधिकाऱ्यांनी वारा आपल्या दिशेनं वळतोय आणि पाऊस येतोय हे पाहून १५ मार्चला स्वतःच्या जबाबदारीवर चाळिशीच्या आतल्या रहिवाशांना गोळ्या वाटल्या. प्रांतीय प्रशासनानं त्या परत घ्यायला सांगितलं, शहरानं ऐकलं नाही. मला हा छोटा निर्णय या साऱ्या इतिहासातला सर्वांत धाडसी वाटतो. फुकुशिमाचं दुसरं नुकसान भरून येणारं नाही. मुलांच्या थायरॉइडमधलं आयोडीन थेट मोजण्याचं काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झालं, तेही फक्त १,०८० मुलांपुरतं. आठ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे काही आठवड्यांनंतर मोजायला काही उरलंच नाही. त्या मुलांच्या तपासणीत आज दिसणाऱ्या गाठी किरणोत्सर्गाच्या आहेत की बारकाईनं शोधल्यामुळे सापडलेल्या, हा वाद मिटत नाही याचं हे एक मोठं कारण आहे. उशीर झाला की उपचाराबरोबर पुरावाही हातचा जातो.

आपल्या शेजारचं एक उदाहरण या इतिहासात बसतं, आणि ते दिलासा देणारं आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे, कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं. ५५ कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम गेलं. हे कळलं ते तक्रारीतून किंवा आजारातून नाही, तर जड पाण्याच्या भट्ट्यांवरच्या कामगारांची नियमितपणे होणारी मूत्रतपासणी होती म्हणून. ट्रिटियमवर उपाय म्हणजे भरपूर पाणी आणि लघवी वाढवणारी औषधं. एरवी दहा दिवसांत निम्मं होणारं ट्रिटियम त्यानं आणखी लवकर निघतं. कृत्य करणारा कोण हे शोधणं वेगळं काम होतं, पण कामगारांचं रक्षण त्या कंटाळवाण्या नित्य तपासणीनं केलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठातून लिलावात आलेलं कोबाल्ट-६० सापडलं आणि एक माणूस गेला. तिथे अशी तपासणी कुणाची होणार होती? कैगाचा कामगार आणि मायापुरीचा भंगारवाला यांच्यातला फरक औषधाचा नव्हता.

औषधाच्या बाबतीत आज आपण मागे नाही. डीआरडीओच्या ‘इनमास’ संस्थेनं विकसित केलेल्या प्रशियन ब्लूला २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. पोटॅशियम आयोडाइडची गोळी तर अगदी स्वस्तात बनते. महाराष्ट्रात तारापूरला १९६९ पासून अणुभट्ट्या चालू आहेत, राजापूर तालुक्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाची चर्चा अनेक वर्षं सुरू आहे, आणि रुग्णालयांत, कारखान्यांत, महाविद्यालयांत किरणोत्सर्गी स्रोत वापरले जातात. म्हणून आपली मागणी नेमकी असायला हवी. तारापूरच्या परिसरातल्या प्रत्येक शाळेला आयोडीनची गोळी कुठे ठेवली आहे आणि ती कुणाच्या सांगण्यावरून द्यायची हे आज, आपत्तीच्या आधी, माहीत असावं. त्या परिसरातल्या हवेच्या आणि दुधाच्या मोजणीचे आकडे रोज मराठीतून जाहीर व्हावेत. मोडीत काढलेल्या प्रत्येक किरणोपचार यंत्राचा हिशेब संबंधित संस्थेनं नियामक मंडळाला द्यावा, आणि भंगाराच्या बाजारात मापकयंत्र असावं. तारापूर, पालघर, राजापूर इथल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत या मागण्यांबद्दलचे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावं.